कॅनडाच्या नागरिकत्व परीक्षेसाठी इतिहासाचा भाग सोडला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की परीक्षा तीन आठवड्यांवर आलीये, ॲपवरचे प्रश्न पाठ केले तर पुरेल का, आणि ‘इतिहास, फर्स्ट नेशन्स (म्हणजे इथले मूळ रहिवासी) वगैरे’ सोडलं तर किती मार्कांचा फटका बसेल. त्या ‘वगैरे’पाशी मी अडले. हाच शब्द आमच्याकडे माझ्या मोठ्या दिरांनी वापरला होता आणि त्यांचं ऐकून मी पहिल्या वेळी नापास झाले. 20 पैकी 14. पास व्हायला 15 लागतात.

भाऊजी आमच्या आठ वर्षं आधी इथे आले. घर घेताना, गाडी घेताना, मुलीला शाळेत घालताना त्यांचाच सल्ला उपयोगी पडला, म्हणून यातही मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “डिस्कव्हर कॅनडा (परीक्षेचं सरकारी गाईड) वाचत बसू नकोस. ॲप घे, दोन रात्रींत होतं. हक्क, सरकार, झेंडा, प्रांतांच्या राजधान्या पक्क्या कर. ते आदिवासी वगैरे एखाद-दुसरा प्रश्न येतो, त्याने काही बिघडत नाही.” मी तसंच केलं. ॲपवर दरवेळी 20 पैकी 20 यायला लागले. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. मला उत्तरं येत नव्हती, पर्याय ओळखू येत होते. पहिला शब्द दिसला की बोट आपोआप तिसऱ्या ओळीवर जायचं.

खरी परीक्षा घरीच, लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून दिली. वेळ 45 मिनिटं, माझं बारा मिनिटांत झालं. प्रश्न काय होते ते लिहिणार नाही, ते योग्यही नाही. पण जे सहा-सात मी अंदाजाने मारले ते कुठल्या धड्यांतले होते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी विनिपेगला राहते. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी मॅनिटोबात लुई रिएल डेची सुट्टी असते. सहा वर्षं मी ती सुट्टी घेतली होती, आणि हा माणूस कोण असं कुणी विचारलं असतं तर ‘मेटी नेता’ या दोन शब्दांपलीकडे मला काही सांगता आलं नसतं. मेटी म्हणजे तरी काय? युरोपीय आणि मूळ रहिवासी अशा दोन्ही वंशांतून तयार झालेला, स्वतःची मिचिफ भाषा असलेला समाज. हेही मी नंतर शिकले.

नापास झाले त्या शनिवारी नवऱ्याला म्हटलं, चला. रेड नदी ओलांडून सेंट बोनिफेसला गेलो. तिथलं जुनं कॅथेड्रल 1968 च्या आगीत जळलं, दगडी दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. तिच्यासमोरच्या दफनभूमीत रिएलची समाधी आहे. दगडावर फक्त आडनाव आणि एक तारीख: 16 नोव्हेंबर 1885. त्या दिवशी त्याला रेजायना शहरात फाशी दिली. तारीख वाचली आणि डोक्यात काहीतरी टोचलं, कारण 7 नोव्हेंबर 1885 ही तारीख मला तोंडपाठ होती. ॲपवर होती ना! त्या दिवशी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला. मधे फक्त नऊ दिवस. ॲपमध्ये एक तारीख ‘अर्थव्यवस्था’त होती, दुसरी ‘इतिहासा’त, आणि दोन्ही एकाच गोष्टीतल्या आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं.

गोष्ट अशी. 1869 मध्ये कॅनडाने वायव्येकडचा प्रचंड मुलूख हडसन्स बे कंपनीकडून ताब्यात घ्यायचं ठरवलं. रेड नदीकाठी राहणाऱ्या हजारो मेटी लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. रिएलच्या नेतृत्वाखाली ते उठले, फोर्ट गॅरी ताब्यात घेतला, आणि त्यातून 1870 मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला. रिएलला मात्र अमेरिकेत पळून जावं लागलं. पंधरा वर्षांनी आजच्या सस्कॅचेवानमध्ये जमिनीवरून पुन्हा तेच झालं, परत आलेल्या रिएलच्याच नेतृत्वाखाली. या वेळी सरकारने सैन्य त्याच अर्धवट रेल्वेने पश्चिमेला नेलं, उठाव मोडला आणि रिएलला फाशी दिली. रेल्वे कंपनी तेव्हा दिवाळखोरीच्या कडेवर होती. सैन्य इतक्या झटपट पोचलं हे बघून सरकारने तिला आणखी कर्ज दिलं आणि मार्ग पुरा झाला. रेल्वे झाल्याशिवाय ब्रिटिश कोलंबिया संघात टिकणार नव्हता, कारण 1871 मध्ये तो आला तेव्हा त्याला रेल्वेचंच वचन दिलेलं होतं. आता 1869, 1870, 1871, 1885 पाठ करायची गरज उरते का?

तुम्हाला तयारीबद्दल माझं सांगणं एवढंच आहे. घरी आल्यावर एक दोनशे पानी वही घेतली आणि गाईड पहिल्या पानापासून वाचलं. गाईड फुकट मिळतं. प्रत्येक घटनेखाली एकच प्रश्न लिहायचा: हे का झालं? 1763 चं शाही फर्मान का निघालं, 1774 मध्ये क्वेबेकमधल्या कॅथलिकांना पदं का मिळू लागली, 1776 नंतर लॉयलिस्ट (अमेरिकेतले ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ लोक) उत्तरेकडे का आले. एकाचं उत्तर दुसऱ्यात सापडत जातं. संघराज्य, प्रांत, निवडणुका हे तुम्हाला जमेल, भारतातून आलेल्याला संसदीय पद्धत शिकवावी लागत नाही. ॲप शेवटच्या दोन दिवसांत, फक्त उजळणीला.

दहा दिवसांनी दुसऱ्यांदा परीक्षा दिली, 19 मिळाले. भाऊजींना फोनवर सांगितलं. पुढच्या महिन्यात ते आमच्याकडे आले तेव्हा जेवताना म्हणाले, “शेवटी पासच झालीस ना? मग फरक काय पडला? आपण टॅक्स भरतो, कायदा पाळतो. त्यांच्या जुन्या भांडणांशी आपला काय संबंध?” सगळे ताटावर बसले होते, म्हणून मी गप्प राहिले. ते उत्तर इतके दिवस मनात राहिलंय.

संबंध आहे, भाऊजी. 1907 मध्ये ब्रिटिश कोलंबियाने भारतीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. 1914 मध्ये कोमागाता मारू हे जहाज भारतातली 376 माणसं घेऊन व्हँकुव्हरला आलं, दोन महिने बंदरात अडवलं आणि बहुतेकांना परत पाठवलं. आपल्याला मत मिळालं 1947 मध्ये. आणि फर्स्ट नेशन्सच्या लोकांना, मूळ रहिवासी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा न सोडता केंद्राच्या निवडणुकीत मत द्यायला 1960 उजाडलं. ज्यांची ही भूमी, त्यांना आपल्यानंतर तेरा वर्षांनी! हे माहीत नसताना इथल्या मतपत्रिकेवर खूण करायची मला लाज वाटली असती.

आणि शपथ तर सगळ्यांनाच घ्यावी लागते. 2021 पासून तिच्यात शब्द आहेत की या देशाचं संविधान फर्स्ट नेशन्स, इन्युइट (उत्तर ध्रुवाकडचे मूळ रहिवासी) आणि मेटी लोकांचे मूळ हक्क आणि करारांतले हक्क मान्य करतं. हात वर करून आपण ते म्हणतो. कुणाचे कुठले करार हे माहीत नसताना ते म्हणायचं?

माझी मुलगी सातवीत आहे. दर 30 सप्टेंबरला, रेसिडेन्शियल शाळांतल्या मुलांची आठवण म्हणून, केशरी टी-शर्ट घालून जाते. या शाळांबद्दल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवायचे त्यांच्याबद्दल, गाईडमध्ये जेमतेम एक परिच्छेद आहे. तो मी मोठ्याने वाचत होते, तेव्हा तिने विचारलं, “घरची भाषा बोलली म्हणून मुलांना मारायचे?” हो म्हटलं. दीड लाखाहून जास्त मुलं त्या शाळांतून गेली. सरकारने औपचारिक माफी मागितली ती 2008 मध्ये. घरात मराठीच बोल म्हणून आम्ही रोज तिच्या मागे लागतो, आणि त्या आयांकडून तो हक्कच काढून घेतला होता. हा धडा ‘वगैरे’त जात नाही.

काही गोष्टी राहिल्या. परीक्षा 18 ते 54 वयाच्यांनाच असते. आई-वडिलांचा अर्ज भरत असाल तर त्यांचं वय आधी बघा. घरून देताना 30 दिवसांत तीन वेळा संधी मिळते, त्यामुळे माझ्यासारखं झालं तर घाबरू नका. गाईडची जुनी छापील प्रत कुणाकडून घेतली असेल तर तीत राणी एलिझाबेथ आहे, आता राजा चार्ल्स तिसरा. पंतप्रधान, आपल्या प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री), आपला खासदार ही नावं परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. आणि भाऊजींना खरंच पहिल्या वेळी 18 मिळाले होते, ॲपवरच. स्मरणशक्ती तशी असेल तर तुमचंही होईल. मार्कांचा हिशेब विचारलात, तर कुठल्या भागातून किती प्रश्न येतील हे आधी सांगता येत नाही, मला एकच कमी पडला होता.

तीन आठवडे भरपूर आहेत. रोज एक तास, पहिले दोन आठवडे गाईड आणि वही.