सह्या नकोत, यादी मोज

नाशिक

सप्रेम आशीर्वाद.

आयुर्वेद आणि ॲलोपॅथी एकाच छपराखाली चालणाऱ्या रुग्णालयात फार्मासिस्टच्या कामाची गुणवत्ता मोजायची जबाबदारी तुझ्याकडे आलीय. तू पाठवलेल्या तक्त्याचा पहिलाच रकाना आहे, ‘महिन्यात किती रुग्णांचं समुपदेशन केलं’. तो आधी काढून टाक. असा आकडा मागितला की वहीत सह्या वाढतात, बोलणं तेवढंच राहतं.

त्याऐवजी असं मोज: ज्यांना दोन्हीकडची औषधं चालू आहेत, त्यांपैकी किती जणांच्या फाइलमध्ये दोन्ही औषधांची एकच, पूर्ण यादी आहे? छेद आधी ठरव, अंश नंतर. आणि ‘पूर्ण’ म्हणजे काय तेही लिहून ठेव: नाव, मात्रा, वेळ, अनुपान (औषध कशासोबत घ्यायचं: मध, तूप, कोमट पाणी), कुणी दिलं, कधीपासून. ‘चूर्ण चालू’ एवढंच लिहिलेली फाइल अंशात धरायची नाही. लेबल नसलेली पुडी असेल तर ‘पुडी, घटक अज्ञात’ असं स्पष्ट लिहायचं. तीसुद्धा माहितीच आहे.

इथे छेदच फसवतो. ‘दुसरं काही औषध घेता का?’ असं विचारलं की निफाड-दिंडोरीकडच्या आजीच काय, कॉलेज रोडवरचा इंजिनिअरही ‘नाही’ म्हणतो, कारण मेथीचं पाणी त्यांच्या लेखी औषध नसतंच. मग दोन्हीकडची औषधं घेणारे कमी दिसतात आणि टक्केवारी छान येते. म्हणून प्रश्न ठरलेला ठेव: ‘सकाळी उपाशीपोटी काय घेता? काढा, चूर्ण, कारल्याचा रस, भस्म, कुणी दिलेली पुडी?’ शिवाय पुढच्या भेटीला सगळी पिशवी घेऊन यायला सांग. पिशवी उघडल्यावर यादीत किती औषधांची भर पडली, हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आकडा.

यादी झाली की अडचण शोधायची. औषधांचे सगळे शेकडो संयोग तपासत बसू नकोस, टाळता येण्यासारखे मोजके निवड. थायरॉइडच्या थायरॉक्सिन गोळीबरोबर लोहभस्म, मंडूर (तेही लोहाचंच) किंवा शंखभस्म दिलं तर त्या गोळीचं शोषण कमी होतं. चार तासांचं अंतर हवं. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) घेणाऱ्याला ज्येष्ठमध रोज चालू असेल तर पोटॅशियम घसरतं, रक्तदाब चढतो, आणि सोबत डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध असेल तर धोका आणखी वाढतो. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडवर कारल्याचा रस नि मेथी पडली की साखर अचानक खाली येऊ शकते. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या रक्तदाब-हृदयाच्या औषधांची रक्तातली पातळी कमी झाल्याचं आढळलंय. फेनिटॉइन घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाला शंखपुष्पीचं सिरप दिलं तर झटके परत येऊ शकतात. यांतली प्रत्येक अडचण सापडली का, डॉक्टर किंवा वैद्यांना कळवली का, त्यांनी काय बदललं आणि पुढच्या भेटीत काय दिसलं, असे चार रकाने पुरेत. चौथा बहुतेक ठिकाणी कोराच असतो.

सूचना किती स्वीकारल्या गेल्या, या टक्क्यांवर फार भाळू नकोस. फार्मासिस्ट फक्त ‘जेवणानंतर घ्या’ असलं सोपं सुचवू लागला की स्वीकार 95 टक्क्यांवर जातो. म्हणून प्रत्येक सूचनेला गंभीरतेची श्रेणी दे. ती एकट्याने ठरवायची नाही. एक फार्मासिस्ट आणि एक वैद्य, दोघांनी त्याच 20 नोंदी एकमेकांना न दाखवता श्रेणीबद्ध करायच्या. काप्पा (दोघांचं मत किती जुळतं याचा आकडा, 1 म्हणजे पूर्ण जुळलं) 0.6 च्या खाली आला तर माणसं बदलू नकोस, व्याख्या सुधार.

नमुना महिन्याला 30 फाइलींचा, तोही यादृच्छिक क्रमांकाने. टेबलावर वर असलेल्या फाइली काढल्या तर सगळे नियमित येणारेच सापडतील. 30 पैकी 24 बरोबर निघाल्या तर ‘80 टक्के’ म्हणशील, पण नमुना लहान असल्याने खरा आकडा साधारण 63 ते 90 यांत कुठेही असू शकतो. पुढच्या महिन्यात 22 आल्या म्हणून कुणाला बोलावून विचारू नकोस. आलेख काढ, लागोपाठ सहा बिंदू मध्यकाच्या (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याच्या) एकाच बाजूला पडले तरच काही बदललं असं समज. इथे द्राक्षाची खरड छाटणी आणि गोडी छाटणी असली की शेतकरी रुग्ण फिरकत नाहीत, आणि येतात ते वेगळ्याच गटातले असतात. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी कर.

साखरेची तिमाही पातळी किंवा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) सुधारला तर श्रेय फार्मासिस्टला देऊ नकोस. त्यात अनेकांचे हात असतात. मात्र एक उलटं मोजमाप हवंच: आंतरक्रियेच्या (औषधं एकमेकांवर परिणाम करतील या) भीतीने कितीजणांनी आवश्यक गोळी स्वतःहून बंद केली? सल्ला अर्धवट समजला की हे हमखास होतं. म्हणून रुग्णाकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घ्यायचं आणि ते झालं की नाही हेही फाइलीत नोंदवायचं.

दुष्परिणामाचा संशय आला की सिद्ध होण्याची वाट पाहायची नाही. त्रास औषधामुळेच झाला असण्याची शक्यता जोखणाऱ्या नारान्जो मापनात दहा प्रश्न आहेत. 5 ते 8 गुण म्हणजे ‘संभाव्य’, 9 किंवा जास्त म्हणजे ‘निश्चित’. ॲलोपॅथीच्या औषधासाठी भारतीय औषधसंहिता आयोगाचा फॉर्म किंवा 1800-180-3024, आयुर्वेदिक औषधासाठी आयुष मंत्रालयाची वेगळी यंत्रणा. दोन्ही औषधं संशयित असतील तर दोन्हीकडे कळव, आणि दुसरं औषध सोबत चालू होतं हे दोन्ही फॉर्मवर लिही. ते लिहिलं नाही तर त्या नोंदीचा उपयोग फारसा राहत नाही.

शेवटी व्यवस्थापनाचं. नीट विचारायला लागलात की पहिल्या काही महिन्यांत अडचणींचा आकडा वाढेल, कारण आधी त्या दिसतच नव्हत्या. समितीला हे मोजणी सुरू करण्याआधी लेखी कळव. नाहीतर दुसऱ्याच बैठकीत ‘पूर्वी बरं होतं’ म्हणून तक्ता बंद होईल.

तुझा शुभचिंतक