ज्येष्ठ कामगाराची कपात केली, कनिष्ठ ठेवला. समेट अधिकाऱ्यापुढे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) मालकाने बाजू कशी मांडायची?

उत्तराची सुरुवात ‘काम कमी झालं’ इथून करू नका. ते सहसा मान्य होतं. वाद पेटतो तो ‘हाच का?’ यावर. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा असो की त्याच्या जागी आलेली २०२० ची औद्योगिक संबंध संहिता, नियम तोच: त्या वर्गवारीत जो शेवटी आला तो आधी जातो. अपवाद करता येतो, पण कारण लेखी नोंदवावं लागतं.

ते कारण कपातीच्या दिवसाआधीचं हवं. ‘कनिष्ठाला सीएनसीचं (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशिनचं) प्रोग्रॅमिंग येतं’ हे म्हणणं ऑर्डरची कागदपत्रं, प्रशिक्षणाची नोंद आणि त्या मशिनवरची हजेरी यांनी सिद्ध होतं. नोटिशीनंतर टाइप केलेली टिपणी, वाद पुढे खटल्यात गेला तर, उलटतपासणीत टिकत नाही. ‘कामगिरी बरी नव्हती’ असं तर लिहूच नका. मग ती कपात न राहता शिक्षा ठरते आणि चौकशी का केली नाही, हा प्रश्न येतो.

ज्येष्ठता यादी वर्गवारीनिहाय करा आणि कपातीआधी फलकावर लावा. फिटर आणि हेल्पर एकाच यादीत घातले की तुमची तुलनाच चुकते.

पैशांत घोळ झाला तर बाकी सगळं बरोबर असूनही हराल. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात: ७ वर्षं ८ महिने म्हणजे ८ वर्षं, १२० दिवसांचा पगार. ही रक्कम कामगाराला कामावरून काढतानाच द्यायची, ग्रॅच्युइटी वेगळी.

आणि त्याच जागेवर पुन्हा भरती करायची झाली, तर आधी कपात झालेल्या कामगारालाच बोलवा.