लेकीच्या पणत्यांचा हिशेब

ताई, उसन्या पैशांतून पणत्या विकून लेकीला तोटा झाला असं तुम्ही म्हणता, पण तोटा झालेला नाही. तुम्ही एकच रक्कम दोनदा वजा केलीत. उसने घेतलेले पैसे हा खर्च नव्हे. त्यातून आणलेला माल हा खर्च.

आमच्या चिरंजीवांनीही दिवाळीत हाच घोळ घातला होता. आजोबांकडून 1500 उसने घेतले. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून 300 साध्या पणत्या, 4 रुपयांना एक, म्हणजे 1200. रंग 200 चे. उरलेले 100 सुट्टे म्हणून डब्यात. रंगवलेली पणती 10 रुपयांना, 225 विकल्या, 2250 आले. सुट्ट्यांसकट डब्यात 2350. त्यातून उधारीचे 1500 वजा केले, वर मालाचे 1400 पुन्हा वजा केले आणि साहेब 550 च्या तोट्यात रडत बसले!

खरं तर आजोबांचे 1500 परत केल्यावर हातात 850 राहिले. शिवाय 75 पणत्या शिल्लक, खरेदीच्या भावाने 300 च्या. म्हणजे कमाई 1150. ताळा करून बघा: 2250 मधून विकलेल्या पणत्यांचे 900 आणि रंगाचे 200 वजा करा, तेच येतं.

शिल्लक माल विक्रीच्या भावाने मात्र धरू नका, तो विकला जाईल तेव्हा खरा. फुटलेल्या पणत्या सरळ खर्चात घाला. तुमची रिक्षा, म्हणजे तिचं भाडं, खर्चात धरायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मी धरली नाही, बायकोने धरायला लावली.

आणि उधारी लेकीच्या हातानेच परत करू द्या, तीही तिनेच मोजून.