न्यून संख्या म्हणजे उणे संख्या नव्हे

म्हापशाच्या एका बाईंनी विचारलंय : लेकीनं घरचा पिनकोड 403507 संगणकात घालून पाहिला, तर ती 'डेफिशियंट' संख्या निघाली. मराठीत तिला 'न्यून संख्या' म्हणतात असं तिनं वाचलं. बाईंचे यजमान म्हणतात, न्यून म्हणजे उणे, म्हणजे शून्याच्या खालची. मग चार लाखांची संख्या न्यून कशी?

यजमानांची व्युत्पत्ती बरोबर आहे, अर्थ मात्र हुकला. दोन्ही शब्दांत 'ऊन' आहे, म्हणजे कमी. न्यून = नि + ऊन. हाच ऊन एकोणीसमध्ये बसलाय (विसाला एक कमी) आणि पाऊणमध्येही (एकाला पाव कमी). आपल्या बाजारात भाजीवालीला 'मातशें उणें कर गो' (जरा कमी कर गं) म्हणतो, तेही त्याच घरचं. पण शून्याच्या खालच्या संख्येला गणितात ऋण म्हणतात. न्यून म्हटलं की विचारायचं, कशाला कमी?

इथे स्वतःलाच कमी. संख्येचे विभाजक घ्यायचे, ती स्वतः सोडून, आणि बेरीज करायची. 403507 म्हणजे 13 × 31039, आणि दोन्ही मूळ संख्या. तेव्हा 1, 13 आणि 31039 मिळून 31053. चार लाखांच्या पासंगालाही पुरत नाहीत.

आता फातोर्ड्याचा 403602 घ्या. याला 6 नं भाग जातो. निम्मे 201801, तिसरा हिस्सा 134534, सहावा 67267. या तिघांची बेरीजच बरोबर 403602 भरते! वर नुसता 1 मिळवला तरी संख्या ओलांडली, बाकीचे विभाजक राहिलेच. हिला कुणी विपुल म्हणतात, पण मला 'अधिक' बरं वाटतं. न्यूनाधिक ही जोडी भाषेत तयारच आहे, अधिक मासही घराघरांत ठाऊक. विपुल म्हटलं की मला पावसाळ्यातली अळूची पानं दिसतात.

6 किंवा 28 सारखी बेरीज बरोबर जुळली तर परिपूर्ण. तिथे 'पूर्ण संख्या' लिहू नका, शाळेच्या पुस्तकात तो शब्द 0, 1, 2, 3… यांना दिलेला आहे.

ही तिहेरी वाटणी इसवी सनाच्या 100 च्या सुमारास निकोमाखस या ग्रीक गणितीनं मांडली. त्याला न्यून संख्या एकाक्ष प्राण्यासारख्या व्यंग असलेल्या वाटत. म्हणजे नावातला कमीपणा मुळातलाच आहे, मराठीनं चिकटवलेला नाही.

तरी लेकीला वाईट वाटत असेल तर पणजीचा 403001 घालून पाहायला सांगा. ती मूळ संख्या आहे, म्हणून विभाजकांची बेरीज फक्त 1. म्हापशाच्या गाठीला निदान 31053 तरी आहेत, राजधानीकडे तेही नाहीत.