हरित विजेसाठी जादा दर भरावा का?

प्रश्न : आम्ही दादरला एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. गच्ची सोसायटीची असल्यामुळे स्वतःचे सौर पॅनेल बसवता येत नाही. महिन्याला साधारण २५० युनिट वीज लागते. प्रतियुनिट थोडा जादा दर भरल्यास सगळी वीज हरित मिळते, असे कळले. हा खर्च करावा का, की त्यातून केवळ प्रमाणपत्र हाती येते?

उत्तर : अशी सोय आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये नेहमीच्या दरावर प्रतियुनिट ६६ पैसे जादा आकारून ती ग्राहकांना खुली केली. त्या दराने आपल्याला महिन्याला १६५ रुपये अधिक पडतील; मात्र नव्या दर आदेशाबरोबर हा आकडा बदलू शकतो, म्हणून चालू दरपत्रक आधी पाहावे.

जादा पैसे भरले तरी आपल्या घरात येणारी वीज बदलत नाही. रात्री दहा वाजता आपला पंखा फिरतो तो ग्रिडमधल्या सामाईक विजेवरच, आणि तिच्यात कोळशाच्या विजेचा वाटा मोठा असतो. बदलतो तो हिशेब : आपण वापरले तेवढे युनिट अपारंपरिक स्रोतांतून घेतल्याची नोंद कंपनी करते. पण एकूण विजेचा ठरावीक हिस्सा अशा स्रोतांतून घेण्याचे बंधन वितरण कंपन्यांवर मुळातच आहे. आपले युनिट त्याच हिश्श्यात धरले गेले, तर कंपनीला एरवीही करावी लागणारी खरेदी आपल्या पैशातून झाली, एवढाच त्याचा अर्थ; नवी पवनचक्की त्यामुळे उभी राहत नाही. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईला १९१५ पासून मिळते आहे. अशा जुन्या केंद्राच्या विजेला कोणी जादा भाव दिला, म्हणून तिथे एक युनिटही अधिक तयार होणार नाही.

तेव्हा अर्ज करण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारावे : माझ्या नावावरची हरित वीज आपल्या बंधनकारक हिश्श्यात मोजली जाते, की त्याच्या वर घेतली जाते? ‘त्याच्या वर’ असे स्पष्ट उत्तर आले, तर आपण पैसे जरूर भरावेत, असे माझे मत आहे. मोघम उत्तर आले, तर तेच १६५ रुपये दरमहा बाजूला ठेवून आधी पंखे बदलावेत. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. असे तीन पंखे रोज बारा तास चालत असतील, तर महिन्याला जवळजवळ ४८ युनिट वाचतात, म्हणजे आपल्या वापराचा सुमारे पाचवा हिस्सा. ही बचत कोणत्याही नोंदवहीवर अवलंबून नाही.

गच्चीचा विषयही आपण फार लवकर सोडून दिला आहे, असे वाटते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. पाच किलोवॅटच्या संचाला सावली नसलेली साधारण ५०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने तो दिवसाला सुमारे २० युनिट देतो. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलातून तेवढे कमी होतात. मात्र पॅनेल पंचवीस वर्षे चालतात, त्यामुळे इमारत पुनर्विकासाला जाण्याची बोलणी चालू असतील तर इतक्यात त्यात पैसे घालू नयेत. तसे काही नसेल, तर गच्चीच्या स्लॅबची अभियंत्याकडून तपासणी करून घेऊन हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावा.