फोंताईनसला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी तू पणजीचं फोंताईनस निवडलंस, याचा फार आनंद झाला. पाठवलेला आराखडा दोनदा वाचला. त्यात रंगीत दर्शनी भिंतींवर चार प्रकरणं आहेत आणि पाण्यावर जेमतेम एक परिच्छेद. हे उलटं कर, एवढंच मला सांगायचं आहे. पण का, ते नीट सांगितल्याशिवाय तुला पटणार नाही, म्हणून हे पत्र लांबेल.

आल्तिनो टेकडीचा पूर्वेकडचा उतार आणि ओरेमची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती वसली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे माडांची बागाईत होती. ती आंतोनियो जुआंव द सेकैरा याची. मोझांबिकात पैसा मिळवून परतलेला म्हणून लोक त्याला मोसमीकर म्हणत. जुन्या गोव्यात रोगराईने माणसं तग धरेनात. १७५९ साली व्हाइसरॉयनेही आपला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. सरकारी नोकरी करणाऱ्या कुटुंबांना घरं हवी होती, ती या पायथ्याशी उभी राहिली. इतिहासाचं प्रकरण एवढ्यात आटोपलंस तरी चालेल. ते पुष्कळांनी लिहिलंय.

आता पाणी. टेकडी जांभ्याची आहे. जांभा पावसाचं पाणी मुरवून घेतो आणि पायथ्याशी झऱ्यांतून सोडतो. लगतच्या मळा नावाच्या वाड्याच्या बाजूचा फिनिक्स झरा त्यातलाच, आणि टेकडीच्या दुसऱ्या अंगाचा बोका द व्हाकाही. घरोघरी नळ आले त्याआधी माणसं या झऱ्यांवर आणि विहिरींवर अवलंबून होती. म्हणजे वस्ती इथे का झाली, याचं एक कारण तुला जमिनीच्या पोटात सापडेल. दुसरीकडे हेच पाणी त्रासही देतं. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ओरेमच्या खाडीत भरती-ओहोटी चालते. जोराची सर आणि भरती एकाच वेळी आली की टेकडीवरून उतरलेल्या पाण्याला खाली जायला वाट राहत नाही आणि मळ्यातले रस्ते तुंबतात. म्हणून नुसता जानेवारीत जाऊन येऊ नकोस. उन्हातले फोटो हजारो आहेत. जूनमध्ये जा, भरतीचं वेळापत्रक खिशात ठेव, आल्तिनोवरून पायऱ्यांनी उतरत एकेक गटार खाडीपर्यंत पायी शोध. कुठे झाकलंय, कुठे वळवलंय, कुठे नव्या बांधकामाने त्याचा गळा आवळलाय, हे नकाशावर टिपून घे. अलीकडच्या वर्षांत शहरभर रस्ते खणून नवी गटारं टाकली गेली. त्यानंतर पाणी कुठे साचतं आणि पूर्वी कुठे साचायचं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून दोन वेगळ्या रंगांत दाखवलंस, तर तो एकच नकाशा तुझ्या आख्ख्या प्रबंधाला पुरून उरेल.

भिंतीसुद्धा पाण्याच्याच नजरेने बघ. या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर रंग मिसळलेली चुन्याची सफेदी. निळा, पिवळा, काव. पोर्तुगीज अमलात दरवर्षी पावसाळ्यानंतर घर रंगवावंच लागे, आणि निव्वळ पांढरा रंग चर्च आणि चॅपेल यांच्यासाठी राखलेला असे, असं सांगतात. प्रवासी ही गोष्ट मोठ्या हौसेने ऐकतात. तू मात्र विचार, दरवर्षी का? कारण चुना पावसात झिजतोच. चिऱ्यात चढलेली ओल त्या चुन्यातून बाहेर पडते, भिंत सुकते, आणि वरचा थर त्या कामात खर्ची पडतो. तो पुन्हा लावायचा, एवढाच त्या रंगकामाचा अर्थ. आता बऱ्याच भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिकचा रंग दिसेल. तो वर्षभर चकचकीत राहतो, पण आतली ओल आतच कोंडते. मग गुडघ्याच्या उंचीवर रंगाला फुगे येतात, क्षार फुटतात, चिरा भुसभुशीत होतो. घरमालकाला वाटतं की रंग हलका मिळाला, म्हणून तो आणखी जाड थर चढवतो. हे थांबवता आलं तर किती घरं वाचतील! यात घरमालकाला बोल लावू नकोस. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी उरलेत आणि दर हिवाळ्यात घर रंगवण्याचा खर्च पेन्शनवर झेपत नाही. तुझ्या प्रबंधात चुना कसा भिजवायचा, किती दिवस मुरवायचा, कुठे मिळतो, आजचा दर काय, हे साध्या कोंकणीत आणि मराठीत लिहिलेलं चार पानांचं परिशिष्ट असू दे. परीक्षक ते उलटूनही बघणार नाहीत कदाचित, तरी असू दे.

खिडक्यांपाशी थोडं थांब. काही जुन्या घरांत लाकडी चौकटीत शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या दिसतील. त्यांतून उजेड येतो, ऊन येत नाही. तुटलेल्या चकतीच्या जागी काय बसवलंय, तेही टिपून घे.

आता दिवस कसा जातो ते. पहाटे जा. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू येईल, मागे पावांची टोपली. कोंड्याची पोय, कडक उंडो, बांगडीसारखी काकणां. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट आलंय. पाव घ्यायला जी माणसं दारात येतात, ती त्या गल्लीची खरी शिरगणती. कुठल्या दारासमोर भोंगा वाजत नाही, ते लक्षात ठेव, कारण ते घर बंद असतं किंवा पाहुण्यांना भाड्याने दिलेलं असतं. आठवडाभर पदेराच्या वेळेला एकाच गल्लीत उभी राहिलीस, तर कुठल्याही सरकारी कागदापेक्षा जास्त कळेल.

मळ्याचा मारुती चुकवू नकोस. टेकडीच्या उतारावरचं ते देऊळ आणि खालचं सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल, दोन्ही याच वस्तीची. फोंताईनसला ‘लॅटिन क्वार्टर’ म्हणून विकणाऱ्या माहितीपत्रकांत मारुती नसतो. हिवाळ्यात जत्रा भरते तेव्हा मळ्याच्या रस्त्याला दुतर्फा दुकानं लागतात आणि सगळी पणजी लोटते. चॅपेलात वेदीवरचा क्रूस बघ. त्यावरच्या येशूचं डोकं झुकलेलं नाही आणि डोळे उघडे आहेत. तो मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. १८१२ साली ते न्यायासन बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. त्याच्यासमोर कुणाकुणाला उभं केलं गेलं असेल, याचा विचार मनात आला की आजही तिथे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि त्याच क्रूसापुढे आज शेजारची म्हातारी मेणबत्ती लावून नातवाच्या परीक्षेसाठी प्रार्थना करते. दोन्ही गोष्टी लिही, एकीसाठी दुसरी गाळू नकोस.

बंद घरांकडे वळते. तू लिहिलंयस, ‘मालकांची अनास्था’. हा शब्द काढून टाक. गोव्यात वारसाहक्काला अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली तत्त्वं लागू आहेत. मुलगा-मुलगी समान वाटेकरी, आणि लग्नानंतर संपत्ती सहसा दोघांची एकत्र, त्यामुळे वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते. न्यायाच्या दृष्टीने ही पद्धत मला फार मोलाची वाटते. पण तीन पिढ्या वाटणी झाली नाही तर एका घराचे वारस लिस्बन, मुंबई, टोरांटो असे पांगतात, आणि छपराची कौलं परतायची तरी कुणी पैसे द्यायचे हे ठरत नाही. काही घरांत जुने भाडेकरू आहेत. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखालचं भाडं इतकं थोडं की त्यात दुरुस्ती बसत नाही. मग हॉटेलवाला येतो, रोख रक्कम देतो, छप्पर नीट होतं आणि शेजार जातो. छप्पर पडू देण्यापेक्षा हे बरं, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, पण त्यांचं म्हणणं खोटंही नाही. तुझा कौल तू दे, मात्र आधी निदान एका घराची वंशावळ काढून, सह्या किती लागतील ते मोजून.

घरांचे जुने कागद वाचायला खाडी ओलांड. पलीकडच्या पाट्टो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्या संस्थेची सुरुवात १८३२ ची. गोव्याचं पुराभिलेखागार तर १५९५ पासूनचं. पोर्तुगीज येत नाही म्हणून मागे राहू नकोस. मळ्यात ती भाषा वाचणारी वडीलधारी माणसं अजून आहेत आणि दुपारच्या झोपेनंतर, चहाच्या वेळी गेलीस तर ती आनंदाने वाचून दाखवतील. दुपारी दोन ते चार कुणाचं दार ठोठावू नकोस.

कॅमेऱ्याचं काय करायचं, तेही आत्ताच ठरव. गल्ल्यांमध्ये ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्यात, त्या उगाच नाहीत. लोक कुणाच्याही पायरीवर चढून बसतात, खिडकीतून आत डोकावतात, लग्नाआधीची चित्रणं करतात, आणि आतल्या आजारी माणसाला दार उघडता येत नाही. पहिले काही दिवस कॅमेरा खोलीवरच ठेव, वही आणि टेप घेऊन जा. रेखाटन करत बसलेल्या मुलीशी माणसं आपणहून बोलतात. घराचं मोजमाप घ्यायचं तर आधी घरात विचार, आंटी-अंकल म्हण, तुझं कॉलेज, तुझं गाव सांग. कोंकणी शब्द चुकला तर चुकू दे.

आणि ज्या घरांची मोजमापं घेशील, त्या प्रत्येक घराला त्याच्या नकाशाची एक मोठी छापील प्रत नेऊन दे. वाटणीच्या वेळी, दुरुस्तीच्या परवानगीसाठी तो कागद त्यांच्या उपयोगी पडतो, आणि वास्तुविशारदाची फी त्यांना परवडत नाही. त्या छपाईचे पैसे प्रबंधाच्या खर्चात आधीच धर. कॉलेजने नाही म्हटलं तर मला कळव, मी देईन. जूनची खोली मात्र आत्ताच बघून ठेव, आणि शक्यतो मळ्यातच.

तुझी,
मॅडम