वंशावळीतली रिकामी वर्षं

चि.स अनेक आशीर्वाद.

तक्ता मिळाला. अक्षर सुरेख, मेहनतही दिसते. पण खापरपणजोबांच्या नावाखाली तीनच मुलगे मांडून ‘लहानपणी गेलेली वगळली, नाहीतर तक्ता फार पसरतो’ असं लिहिलंस, ते काही पटलं नाही. गेलेली वगळलीस, तर जगलेल्यांच्या तारखाही चुकतील.

कशा ते सांगतो. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, त्यातली जन्माची नोंद पुष्कळदा बारशाआधीची असते. बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. अशी एक नोंद हाती लागली की माणूस हरखतो आणि पणजोबांची जन्मतारीख म्हणून ती लावून मोकळा होतो. ती त्यांच्या आधी होऊन गेलेल्या भावाची नसेल कशावरून? म्हणून जन्म सापडला की त्याच गावाचे पुढच्या चार-पाच वर्षांतले मृत्यूही चाळायचे. तेही कंटाळा न करता, कारण मोडी लिपीत घाईघाईने लिहिलेली नोंद पहिल्या नजरेत निसटते.

दोन भावंडांत सहा-सात वर्षांचं अंतर दिसलं तर तिथे थांब. वडील परगावी असतील, पहिली बायको जाऊन दुसरी आली असेल; पण मधे एखादं मूल गेलं का, हे आधी पाहा. एकाच घरातली दोन मुलं आठवड्याच्या अंतराने गेलेली दिसली, तर गावातल्या बाकीच्या नोंदी वाच, देवीची किंवा पटकीची साथ होती का ते कळेल. मुलं जगत नसली की धोंडू, दगडू, भिकू अशी नावं ठेवत, हे तुला ठाऊकच असेल. मात्र आजोबांचं नाव नातवाला ठेवायचीही रीत होती. नुसत्या ‘धोंडो’वरून निष्कर्ष काढू नकोस.

नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांचा उपयोग निराळा. यात्रेला आलेला माणूस त्या वेळी हयात असलेली मुलं-भाऊ सांगायचा. एकाच घराण्याच्या दोन यात्रांच्या नोंदी शेजारी ठेव. पहिलीत असलेला मुलगा दुसरीत नसेल, तर शोध कुठल्या वर्षांत घ्यायचा ते आपोआप ठरतं. दोन यात्रांच्या मधे जन्मून गेलेलं तान्हं मात्र तिथे मिळणार नाही. साल शके असेल तर इसवी सनासाठी त्यात 78 मिळव, माघ-फाल्गुन असेल तर 79.

दत्तक दिसला की त्याच्या मागे पाहायचंच. झाशीच्या नेवाळकरांकडे, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंच्या सासरी, 1851 साली झालेला मुलगा चार महिन्यांत गेला, म्हणून 1853 मध्ये दत्तक घेतला, आणि ते दत्तकविधान नामंजूर करून कंपनीने संस्थान खालसा केलं. आनंदीबाई जोश्यांचं उदाहरण तर आणखी जवळचं. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा जेमतेम दहा दिवस जगला. तुझ्या पद्धतीने तक्ता केला, तर आनंदीबाईंच्या नावाखाली ‘निपुत्रिक’ एवढंच उरेल. आणि ही बाई फिलाडेल्फियाला जाऊन 1886 मध्ये डॉक्टर का झाली, त्याचं मोठं कारणच गळून पडेल.

मुलींच्या बाबतीत दुप्पट काळजी घे. छापील कुलवृत्तांतांत जगलेल्या लेकीही धड नसतात, मग गेलेल्यांची काय कथा! नाव नसेल तर स्वतः ठेवू नकोस. ‘कन्या, अल्पायुषी, नाव अज्ञात’ असं लिही, खाली नोंदीचं गाव आणि साल. आत्याने सांगितलेलं नाव असेल तर पुढे ‘ऐकीव’. आणि आईचं नाव प्रत्येक मुलासमोर हवं. दोन बायका असल्या की सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तक्ता पसरला तर पसरू दे, जोडकागद लाव. पुढच्या खेपेस पानांचे फोटो पाठवशील तेव्हा सदरांचे मथळे आणि वरचं साल फोटोत येऊ दे. गेल्या वेळी नुसत्या ओळी आल्या, त्यातल्या जन्माच्या कुठल्या नि मृत्यूच्या कुठल्या तेच लागेना.

तुझा,
काका